उत्तरेची हातभर भिंत

धुळ्यात चुन्याचं काम येणारा रहीम हा शेवटचा माणूस. चुना येतो असं म्हणणारे अजून तीन-चार आहेत, त्यात मी एक. म्हणणं वेगळं आणि येणं वेगळं. मी पस्तीस वर्षं थापी धरली, त्यातली बरीच वर्षं रहीमच्या शेजारी उभं राहून धरली. फरक मला माहीत आहे.

रहीमच्या बापाची चुन्याची घाणी होती. दगडी चाक, खाली गोल नाली, ओढायला एक बैल. लोक सिमेंटकडे वळले तशी घाणी बसली, बैल गेला, मग बापही गेला. चाक दारात पडून राहिलं. रहीमची बायको खातून त्याच्यावर भांडी वाळत घालायची. पण जाण्याआधी बापाने हातातलं सगळं पोराला दिलं होतं. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो. थंड झाला म्हणजे तयार झाला असं नाही. तो चार महिने हौदात पाण्याखाली राहिला पाहिजे आणि वर चार बोटं पाणी कायम पाहिजे. मग त्यात गूळ किती, हिरड्याचं पाणी किती, ताग किती बारीक कापायचा, हे रहीम चाखून ठरवायचा. बोटाच्या टोकावर कणभर घ्यायचा, जिभेला लावायचा आणि थुंकायचा. चुना चाखणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. जिभेची चव त्यात गेली. खातून म्हणायची, "ह्यांना मीठ न टाकता वाढलं तरी कळत नाही."

गिलावा झाला की लोक त्यावर ओलं गोणपाट टांगतात. रहीम टांगू द्यायचा नाही, धागे उमटतात म्हणायचा. मी मूळचा असोद्याचा. गावाकडून येताना तो मला केळीची पानं आणायला सांगायचा. ओली पानं भिंतीला चिकटवायची आणि दर दोन तासांनी बदलायची. मे महिन्यात, चव्वेचाळीस अंशात. दुपारी सगळे मजूर लिंबाखाली आडवे झालेले असायचे आणि हा एकटा पानं बदलत असायचा.

खोडी दोन होत्या. संथ होता, आणि बोलायचा नाही. नाक्यावर कामाची वाट बघत उभं राहणाऱ्या माणसाला या दोन्ही खोडी परवडत नाहीत.

स्टेशनकडून जुन्या वस्तीत येताना डाव्या हाताला काळ्या दगडाची एक बसकी इमारत लागते. लोक तिला इस्रायली देऊळ म्हणतात. पुण्या-मुंबईचे लोक सिनेगॉग म्हणतात. चाळीसगावहून धुळ्याला रेल्वे आली तेव्हा तिच्यामागे काही ज्यू कुटुंबं आली. मराठीच बोलणारी, अलिबाग-पेणकडची. तिकडे त्यांचे तेलाचे घाणे होते, शनिवारी ते घाणा चालवत नसत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. इथे आले ते रेल्वेत गार्ड, टपालाच्या डब्यात कारकून, एक ओव्हरसियर असे. वीस-बावीस घरं झाल्यावर त्यांनी वर्गणी काढली आणि देऊळ बांधलं. ओव्हरसियरने ते पूल बांधतात तसं बांधलं. भिंत अडीच फूट जाड, दगड घडीव, सांधे चुन्याचे. म्हणून शंभर वर्षांत एक तडा नाही.

आत मूर्ती नाही. पश्चिमेच्या भिंतीत सागाचं उंच कपाट, त्यात त्यांच्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचे. यरुशलेम इथून पश्चिमेला, म्हणून कपाट पश्चिमेला. मधोमध कठड्याचा लाकडी चौथरा, त्यावर उभं राहून वाचायचं. वर बायकांसाठी माडी. तिला बिडाचे चार खांब, जुन्या फलाटांना असतात अगदी तसेच. मला वाटतं ते फलाटावरूनच आले असावेत. खिडक्या उंच, टोकदार कमानीच्या, वर निळी आणि लाल काच. रस्ता दक्षिणेला, म्हणून दार दक्षिणेला. आत पाय ठेवला की समोर उत्तरेची भिंत येते.

देश स्वतंत्र झाल्यावर एकेक घर इस्रायलला गेलं, काही ठाण्याला गेले. १९९६ साली धुळ्यात एकच माणूस उरला होता. दानियल चेऊलकर, रिटायर गार्ड. त्यांच्यात सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची तर दहा पुरुष लागतात. धुळ्यात दहा पुरुष शेवटचे कधी जमले होते ते गार्डसाहेबांना तारखेसकट पाठ होतं. तरी दर शुक्रवारी ऊन उतरलं की ते एकटे जायचे, कुलूप काढायचे आणि दिवा लावायचे.

त्या उन्हाळ्यात त्यांनी देवळाच्या नव्या गिलाव्याचं काम काढलं. सिमेंट नको, चुना पाहिजे, असं बजावलं. काम प्रेमराज ठेकेदाराने घेतलं. प्रेमराज तेव्हा पस्तिशीचा, नवी मोटारसायकल, आवाज मोठा. आतलं काम रहीमला दिलं, बाहेरचं मला. रहीम आत एकटा दोन महिने राबला. गार्डसाहेब खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसायचे. दोघेही न बोलणारे, त्यामुळे त्यांचं जमलं.

काम संपायला चार दिवस राहिले आणि गार्डसाहेबांना दम लागला. मुलगी मोझेलबाई ठाण्याहून आली आणि त्यांना घेऊन गेली. पंधरा दिवसांनी ते वारल्याचं कळलं.

काम संपलं त्या दिवशी मी बाहेरून हात धुऊन आत गेलो. पूर्वेची भिंत पाहिली. तळहात फिरवला, काचेवर फिरवल्यासारखा गेला. मग समोर पाहिलं. उत्तरेच्या भिंतीवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, एक चौकोन कोरा. आतला काळा दगड उघडा.

"हाई काय शे?" मी विचारलं.

रहीम अवजारं पुसत होता. "गार्डसाहेब म्हनेत, एक हात मोकळी ठेव."

"कसाले?"

"त्यास्नं मोठं देऊळ पडेल शे, तिकडे. ते परत उभं व्हत नही तवलोंग आपली कोनतीच भित पुरी करानी नही, म्हनेत."

मागून प्रेमराज आला. त्याने ऐकलं होतं. तो हसला.

"देऊळ कधी पडलं?"

"दोन हजार वर्सं व्हयनात."

"आणि तू ते आता सांगतोयस! गार्डसाहेब कुठे आहेत?"

"ठाणाले."

"म्हणजे विचारायला माणूस नाही. बरं जमलं, भाऊ."

रहीम म्हणाला, गार्डसाहेबांनी स्वतःचा हात भिंतीला लावून दाखवला, कोपरापासून बोटांपर्यंत, आणि आपण तिथेच नखाने रेघ मारली. प्रेमराजने माझ्याकडे पाहिलं. "पुनाभाऊ, तू सांग. असं कोणी मालक सांगतो?"

मी म्हणालो, "मी तरी ऐकलं नाही."

खरंच ऐकलं नव्हतं. माझ्या सगळ्या आयुष्यात भिंत पुरी करू नकोस असं कोणी सांगितलं नव्हतं. लोक सांगतात ते कोपरा राहिला, इथे पोकळ वाजतंय, परत कर. आमच्या धंद्यात सोडलेली जागा म्हणजे पळालेला माणूस. आणि तरीही एक गोष्ट मी तेव्हाच पाहिली होती. त्या चौकोनाच्या चारी कडा गुळगुळीत दगडी गोट्याने घासलेल्या होत्या, चकचकीत. कामचुकार माणूस सोडलेल्या जागेच्या कडा घासत बसत नाही. मी पाहिलं आणि गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर चाळीसेक माणसं होती. रहीम सायकलवरून उतरत होता. मी मोठ्याने म्हणालो, "या, हातभर मिस्तरी!" लोकांनी विचारलं, मी सांगितलं. सांगताना मी दोन हजार वर्षांचं आधी सांगितलं, म्हणजे हसू जास्त येईल. आलं.

नाव चिकटलं. हातभर रहीम. प्रेमराज कोणाकडे माणूस पाठवताना म्हणायचा, "बाकी कोणीही न्या, हातभर नका नेऊ, भिंत मोजून घ्यावी लागते." दोन वर्षांत रहीमच्या हातातून थापी गेली. चुना तसाही कोणी मागत नव्हतं. पण सिमेंटचा गिलावा, फरशी, कुठलंही शेवटचा हात फिरवायचं काम त्याला मिळेना. तो स्लॅबच्या टोळीत गेला. माल कालवायचा, घमेलं पास करायचं. त्या टोळीत वीस-बावीस वर्षांची पोरं असतात. हा पंचेचाळिशीचा. ती पोरं त्याला मुद्दाम मधे उभं करायची, म्हणजे दोन्हीकडून घाई. चाळीस पायऱ्या, दिवसाला सातशे-आठशे घमेली. त्याने एकही सांडलं नाही. टोळीचा मुकादम मला हे सांगताना हसत होता, "बुढा सांडत नही, फक्त वाकस."

त्याने एक पत्र लिहून घेतलं होतं. उर्दू शाळेच्या मास्तरांकडून, मराठीत. गार्डसाहेबांच्या मुलीला, की बाई, तुमच्या वडिलांनी मला काय सांगितलं होतं ते दोन ओळींत लिहून पाठवा. पत्ता माहीत नव्हता. पाकिटावर फक्त मोझेलबाई चेऊलकर, ठाणे. तिचं सासरचं आडनाव वेगळं होतं, हेही त्याला माहीत नव्हतं. सव्वा महिन्याने पाकीट परत आलं. पोस्टमनने ते घरी न देता नाक्यावर दिलं. एकाने फोडलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. रहीम ते परत मागत त्याच्यामागे फिरत होता. मी चहा पीत होतो.

मुलीचं, नौशीनचं लग्न चोपड्याला झालं. मला बोलावणं होतं, गेलो. व्याही मंडळीत एक मिस्तरी होता, त्याच्यापर्यंत नाव पोचलेलं. जेवण वाढताना तो ओरडला, "रहीमचाचांच्या ताटात एक हात जागा मोकळी ठेवा रे, त्यांच्यात रीत आहे!" मांडव हसला. नौशीन पडद्याआड होती, तिने ऐकलं असणार. रहीम जेवत राहिला. ताटातलं सगळं संपवलं.

देवळाला कुलूप लागलं. मधे काही वर्षं बियाण्याच्या पोत्यांचं गोदाम होतं. कौलं फुटली, पाणी शिरलं, गिलावा जागोजागी गळाला. उत्तरेच्या भिंतीवर तर पाच-सहा ठिकाणी दगड उघडा पडला. त्यात तो चौकोनही एक.

मग २०२१ मध्ये मुंबईच्या एका ट्रस्टने देऊळ दुरुस्त करायला घेतलं. पुण्याहून आर्किटेक्ट आल्या, मेघा मॅडम. तिशीच्या, हुशार, कामाला वाघ. माडीच्या खालच्या तुळया पोटावर झोपून तपासायच्या. त्यांचा हुकूम एकच. जे जुनं होतं तेच परत, तसंच. सागाला साग, बिडाला बीड, चुन्याला चुना. स्थानिक ठेकेदार कोण, तर प्रेमराज. आता साठीचा, केस काळे केलेले. त्याने मला घरून बोलावलं. मी काम सोडून दोन वर्षं झाली होती. "शेवटचं काम कर, पुनाभाऊ. चुन्याचं आहे, पोरांना येत नाही." मी म्हणालो, चुना रहीमला येतो. प्रेमराज म्हणाला, "चुना त्याला करू दे. भिंतीला हात तुझा."

रहीम आला. सदुसष्ट वर्षांचा. घमेल्यांनी पाठ गेलेली, उजव्या डोळ्यात कधीतरी उडालेल्या चुन्याने पांढरा डाग. मागच्या अंगणात त्याने हौद खणून घेतला आणि कळी भिजवली. चार महिने रोज सकाळी येऊन पाणी बघायचा. खातूनने मला नंतर सांगितलं, तो चुन्यासाठी जात नव्हता. चौकोन कोणी बुजवू नये म्हणून जात होता. एवढंच त्याचं म्हणणं होतं. तो चौकोन राहिला तर कधीतरी त्यांच्यातलं कोणी येईल, बघेल आणि सांगेल.

मेघा मॅडमनी भिंतीचे नकाशे केले होते. जिथे गिलावा पडला तिथे लाल रेघा. चौकोनावरही लाल रेघा. कडा ओलीने फुटल्या होत्या, त्यामुळे तो इतर पडझडीसारखाच दिसायचा. रहीमने नकाशा पाहिला आणि त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. तोपर्यंत तो त्यांच्याशी बोललाच नव्हता.

"मॅडम, वो चौकोन नहीं भरना. वो मैंने छोडा था. गार्डसाहेब बोले थे."

मॅडमनी नीट ऐकून घेतलं. काही कागद आहे का, फोटो आहे का, विचारलं. नव्हता. प्रेमराज मधे पडला. "मॅडम, पंचवीस वर्षांपूर्वी यानं काम अर्धवट सोडलं, तेव्हापासून हेच सांगतोय. अख्ख्या धुळ्याला माहीत आहे."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "पुनाकाका, तुम्ही होता ना त्या कामावर? काय झालं होतं?"

रहीम माझ्याकडे बघत होता. मला कडा आठवल्या. घासलेल्या, चकचकीत. आणि नाक्यावरची पंचवीस वर्षंही आठवली. आता कडांचं सांगितलं तर ती पंचवीस वर्षं माझ्या अंगावर येणार होती.

"काम अर्धवट राहिलं होतं," मी म्हणालो.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. रहीम हौदाकडे गेला.

मी तो चौकोन भरला. आधी जुन्या कडांना टोचे मारले, कारण गुळगुळीत जागेवर नवा थर बसत नाही. उजवीकडे चार बोटं कड अजून शाबूत होती, तिलाही टोचे मारले. मग तीन थर. रहीमचाच चुना, लोण्यासारखा. पानंही लावली, दर दोन तासांनी बदलली. वाळल्यावर शोधूनही सांधा सापडला नसता. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम आहे. रहीम येऊन पाहून गेला. बोट फिरवलं. "थर बरोबर शे," म्हणाला. चुकीचं काम असलं तरी तो त्याला चांगलं म्हणाला, कारण ते चांगलं होतं.

उद्घाटनाला चार दिवस होते तेव्हा मोझेलबाई आल्या. सत्तरीच्या, गुडघ्याला पट्टा, हातात काठी. दाराच्या चौकटीला त्यांच्यात एक छोटी नळी ठोकलेली असते, आत धर्मग्रंथातल्या ओळी, तिला बोटं लावून ओठांना लावली. आत पाऊल टाकलं आणि थांबल्या.

"हे कोणी भरलं?"

मॅडम म्हणाल्या, "काय?"

"इथे जागा होती. आत आलं की पहिली तीच दिसायला हवी. माझ्या आजोबांच्या वेळेपासून होती. नवा गिलावा केला तेव्हा बाबांनी मिस्तरीला सांगून परत सोडायला लावली होती. ठाण्याला शेवटच्या आठवड्यात तेच बोलायचे. म्हणायचे, मिस्तरी मुसलमान, पण एका सांगण्यात समजला, माझ्या हाताच्या मापाने सोडली." त्या मॅडमकडे वळल्या. "तुम्ही लोकांनी कोणालाच विचारलं नाही का?"

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी थापी पुसत राहिलो. प्रेमराज पटकन म्हणाला, "होऊन जाईल, बाई. उद्घाटनाआधी जशीच्या तशी."

बाई गेल्यावर त्याने आधी ब्रेकर मशीन मागवलं. मॅडमनी मशीन हाकललं. हादऱ्याने बाजूचा जुना गिलावा निघेल म्हणाल्या. मला विचारलं. मी नाही म्हणालो. माझे थर इतके घट्ट बसले होते की ते काढताना दगडाची घडाई मोडणार हे मला दिसत होतं. लावणं मला येत होतं, काढणं नाही.

प्रेमराज हौदापाशी गेला. मी मागे होतो.

"रहीमभाई, ती बाई आली होती. खरं तेच निघालं तुझं."

रहीमचा हात पाण्यात होता, तो तसाच राहिला.

"आता काढून दे तेवढं. तुझ्याशिवाय नाही होणार."

"नाक्यावर बोल," रहीम म्हणाला. "बठ्ठास्ना समोर. रहीमनी काम सोडेल नव्हतं, असं. बाकी माले काही नको."

"बोलतो ना. उद्घाटन होऊ दे, दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर येऊन बोलतो. पुनाभाऊ साक्षीला."

रहीमने अडीच दिवस काम केलं. अंगठ्याच्या नखाएवढ्या पात्याच्या टाकीने. आधी ओलं फडकं लावून थर नरम करायचा, मग हरभऱ्याएवढा तुकडा काढायचा. परत ओलं. उजवा डोळा कामाचा नाही म्हणून मान वाकडी करून डाव्याने बघायचा. मान अडकली की भिंतीला कपाळ टेकून थांबायचा, मग परत. मी म्हणालो, "रहीमभाई, मी फडकं धरू का?"

"तू बैस. तुनं काम व्हयी गयं."

दगडावर एक ओरखडा आला नाही. माझ्या टोच्यांच्या खुणा मात्र कडांवर राहिल्या, त्या त्याला काढता आल्या नाहीत.

उद्घाटनाला मजुरांनी कंपाऊंडबाहेर थांबायचं असं ठरलं होतं. रहीमला दारापाशी उभं केलं, कारण मोठ्या पितळी भांड्यातलं पाणी द्यायला कोणी हवं होतं. मला प्रेमराजने आत ओढलं. मुंबईची मंडळी, दोन पेपरवाले, ट्रस्टचे लोक. दहा पुरुष होते, मोजून होते. ते ठाण्याहून गाडी करून आले होते. त्यांनी कपाटाकडे तोंड करून प्रार्थना म्हटली. काचांचा निळा-लाल उजेड फरशीवर पडला होता. नंतर पोहे-खोबऱ्याचा मलिदा वाटला.

मोझेलबाईंनी चौकोनावर हात ठेवला. मग विचारलं, "तो मिस्तरी आहे का हो अजून? ज्याला बाबांनी सांगितलं होतं? त्यांना भेटायचंय."

प्रेमराजने माझ्या खांद्यावर हात टाकला. "हे काय, आमचे पुनाभाऊ."

बाप मुसलमान मिस्तरी म्हणाला होता, हे रडताना बाईंच्या ध्यानात आलं नसेल. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. पेपरवाल्यांनी फोटो काढले. मेघा मॅडम तेव्हा माडीवर पाहुण्यांना खांब दाखवत होत्या. मी नाही म्हणू शकत होतो. जीभ जड झाली वगैरे काही नव्हतं. मला बरं वाटत होतं.

दारातून रहीम हे सगळं बघत होता. पाहुण्यांचं त्याला काही नव्हतं, त्याला नाका हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो नाक्यावर आला. धुतलेला पांढरा शर्ट, टोपी. खातून रस्त्याच्या पलीकडे दुकानाच्या पायरीवर बसली होती. नाक्यावर पन्नासेक माणसं होती, आणि त्यांच्या हातात पेपर होता. त्यात फोटो. मी, मोझेलबाई, मागे चौकोन. खाली लिहिलेलं, पंचवीस वर्षं परंपरा जपणारे कारागीर.

"या, पुनाभाऊ, या!" लोक ओरडले. "धुळ्याचं नाव करं!"

मी म्हणालो, "ते मी नाही. रहीम आहे. चौकोन रहीमने सोडला होता. मी खोटं बोललो होतो."

मग स्लॅबच्या टोळीचा मुकादम म्हणाला, "दिलदार माणूस हो! बुढ्यालेबी वाटा देऊ राहिना!" आणि सगळे हसले. एकाने रहीमच्या पाठीवर थाप मारली. मी परत म्हणालो. मी जितकं म्हणालो तितकं माझं मोठेपण वाढत गेलं.

प्रेमराजचा टेम्पो आला. रहीम पुढे झाला आणि त्याच्यासमोर उभा राहिला.

"सांगतो, सांगतो," प्रेमराज म्हणाला. "आधी माणसं भरू दे, उशीर झालाय." त्याने अठरा माणसं मोजून चढवली, शेवटच्याच्या मागे फळी लावली आणि टेम्पो गेला.

उरलेली माणसं पांगायला लागली. तेवढ्यात पिंपळनेरहून आलेला एक माणूस जीपमधून उतरला. त्यांच्या गावात जुन्या विहिरीचं बांधकाम नीट करायचं होतं, पेपर वाचून आला होता. "चुन्याचं काम कोणाला येतं?" लोकांनी माझ्याकडे बोट केलं. मी रहीमकडे केलं.

"बाबा, तुम्हाला येतं?"

रहीमने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माले नही येत," तो म्हणाला.

त्याने टोपी काढून खिशात घातली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि स्लॅबच्या टोळीत जाऊन उभा राहिला.